माझे पाच, त्याचे सहा

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मे महिन्यात जागेची मारामारी असते. पहिला आठवडा तळमजल्याच्या काकूंच्या आमसुलांचा, दुसरा कोणाच्या तरी सांडगी मिरच्यांचा, आणि मधले चार-पाच कडक उन्हाचे दिवस आमच्या साठांचे. साठांना ऊन सलग लागतं. तूप माखलेल्या ताटात आंब्याचा रस पातळ ओतायचा, तो वाळला की वर दुसरा थर, तो वाळला की तिसरा. मध्येच एक दिवस आभाळ आलं की साठाला बुरशी आणि घराला अवकळा. त्यामुळे त्या दिवसांत बायको मोबाइलवर हवामान बघत असते आणि मला गच्चीवर बसवते.

प्लास्टिकची खुर्ची, एक काडी मोडलेली छत्री, पाण्याची बाटली, पेपर आणि वेळूची काठी. वानरांसाठी. हल्ली ती डोंगराकडून थेट आमच्या टाकीवर येतात, डिशच्या छत्रीला झोके घेतात आणि गच्चीत वाळत घातलेलं काहीही आपलंच समजतात. खरं तर हे काम वॉचमनचं. पण आमचा वॉचमन हरी नेपाळचा, आणि आंब्याचा हंगाम तोंडावर आला की तो देवगडकडे बागेत राखणीला जातो. तिकडे पैसे जास्त, जेवण वर. पाऊस लागला की परत येतो. म्हणजे बिल्डिंगला ज्या चार महिन्यांत राखणदार हवा, नेमक्या त्याच चार महिन्यांत आमचा राखणदार दुसऱ्याचे आंबे राखतो, आणि साठं राखायला पन्नाशी उलटलेला गणिताचा मास्तर.

आता दिगूबद्दल. दिगू दुसऱ्या मजल्यावर राहतो. बँकेत शाखाधिकारी. इस्त्रीचा शर्ट हा त्याचा घरात घालायचा कपडा आहे. रविवारी मासळी आणायलासुद्धा बूट घालून जातो. बावीस वर्षांत मी त्याला आंबा चोखून खाताना पाहिलेलं नाही. फोडी करतो, काट्याने खातो आणि कोय वहिनींना देतो. आमचे बोलायचे विषय दोनच. मुंबई-गोवा हायवे कधी पुरा होणार, आणि हापूस देवगडचा चांगला की रत्नागिरीचा. पहिल्यावर आमचं एकमत आहे. दुसरा वाद २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मिटेल असं वाटलं होतं, पण ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असं पाच जिल्ह्यांना मिळून मिळालं. भांडायला आणखी तीन जिल्हे झाले, एवढंच. मी देवगड तालुक्यातला, तो राजापूरचा, जैतापूरच्या खाडीकडचा.

शाळेच्या सुट्ट्यांचा विषय निघाला की दिगू सांगायचा, "मी मामाकडे, गिरगावात. टायपिंग शिकायचो." मी सांगायचो, "आम्ही आपले बागेत. देखरेखीला." देखरेख हा शब्द मी फार विचार करून निवडला होता. त्यात बाग कोणाची ते सांगावं लागत नाही.

तर त्या दिवशी सकाळी साडेनवाच्या सुमारास मी खुर्चीत होतो, साठांना तिसरा थर देऊन झाला होता, आणि दिगू टाकीचा बॉल बघायला वर आला होता. एवढ्यात समोरच्या कठड्यावर हुप्प्या, म्हणजे वानरांच्या टोळीचा म्होरक्या नर, येऊन बसला. काळंभोर तोंड, वर पांढरट भुवया, शेपूट कठड्याखाली सोडलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन बसतो तसा.

मी खुर्चीतून न उठता पेपर हलवला आणि म्हणालो, "हट्. हट्."

हे म्हणताना मला माझीच लाज वाटली. काय करायचं ते मला नीट ठाऊक होतं. खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात जागा झाला होता. पण शेजारी बँकेचा शाखाधिकारी उभा, आणि मी देखरेखवाला. दिगू म्हणाला, "अरे बापरे. अशा वेळी काय करायचं असतं? वनखात्याला फोन करायचा असतो का?"

आणि हे म्हणता म्हणता त्याने हुप्प्याकडे पाठ केली.

इथे जरा थांबतो. माकड दिसलं की माणूस माकडाकडे बघतो. पर्यटक बघतात, पोरं बघतात, आमची कमिटी तर फोटो काढून ग्रुपवर टाकते. ज्याने रोजावर माकडं हाकली आहेत तो एकटाच तसं करत नाही. कारण त्याला ठाऊक असतं, हुप्प्या बसतो तो दिसण्यासाठीच. तुम्ही त्याला दगड मारा, शिव्या घाला, डबा वाजवा, तो ढिम्म. तेवढ्यात तुमच्या पाठीमागच्या गडग्यावरून दहा-पंधरा माद्या, पोरं पोटाशी धरून, एकही पान न वाजवता कलमात शिरलेल्या असतात. हुप्प्याकडे बघणाऱ्या राखण्याचा पहिल्या आठवड्यात हिशेब होतो. दुसऱ्या आठवड्यात तो शिकतो, किंवा घरी जातो.

दिगू पाठ करून मागच्या फणसाच्या शेंड्याकडे बघत होता. डोळे बारीक, मान किंचित तिरकी आणि तोंड उघडं. तोंड उघडं ठेवलं की पानांची सळसळ नीट ऐकू येते. हे कुठल्याही टायपिंगच्या क्लासात शिकवत नाहीत.

फांदी हलली. दोन माद्या आणि एक पिल्लू. आणि दिगूच्या बेंबीपासून, इस्त्रीच्या शर्टाच्या आतून, एक आवाज निघाला.

"हुर्रेऽऽऽ हा! हा! हाऽऽऽ!"

माद्या फणसावरून शेजारच्या कौलांवर आणि तिथून दिसेनाशा झाल्या. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिटीसुद्धा मध्येच थांबल्यासारखी वाटली. दिगूने शर्ट खोचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "घसा जरा बसलाय. धूळ किती आहे ना."

"कुठल्या बागेत?" मी विचारलं.

"कसली बाग?"

"दिगू. कुठल्या बागेत होतास?"

त्याने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. "हळू बोल. ही खाली आहे."

"किती वर्षं?"

"तीन हंगाम. आठवी, नववी, दहावी."

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी ते नव्वद." माझाही काळ तोच. माझा ऊर भरून आला होता. बावीस वर्षांचा मित्र, आणि आज कळतंय की आम्ही एकाच धंद्यातले. त्याला मिठी मारावी असं वाटत होतं. तेवढ्यात मी पुढचा प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता.

"रोज किती?"

"सहा."

मला पाच होते.

तुम्ही म्हणाल, एका रुपयाचं काय एवढं. १९८८ साली एका रुपयात काय काय यायचं याची यादी मी देऊ शकतो, पण ते बाजूला ठेवा. प्रश्न तत्त्वाचा आहे. आमचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांनी मला पहिल्याच दिवशी मांगराच्या, म्हणजे बागेतल्या छोट्या घराच्या, पायरीवर उभं करून सांगितलं होतं, "तुका पाच रुपये रोज. ह्येच्या वर पुऱ्या कोकणात कोण देवचो नाय. डागी आंबो खा व्हयो तितको." मी त्या पाच रुपयांच्या अभिमानावर तीन उन्हाळे काढले. आणि खाडीपलीकडे, त्याच सालात, टायपिंग शिकणारा हा मनुष्य सहा घेत होता.

आमच्याकडे गावात राखणदार म्हणतात तो देव. वेशीवर, सीमेवर, पाणवठ्याशी असतो, रात्री घुंगुरकाठी वाजवत फिरतो, आणि वर्षाला त्याला नारळ आणि कोंबडा मिळतो. मलाही सगळे राखणदारच म्हणायचे. मला पेज मिळायची. उजाडायच्या आत बागेत पोचायचं, कारण वानरं पहिल्या उन्हाला खायला उतरतात. मग दुपारी ती सावलीला स्वस्थ बसतात, एकमेकांच्या उवा बघतात, आणि चारनंतर पुन्हा सुरू. म्हणजे काम सकाळ-संध्याकाळचं, पण राखण्याने दुपारी डुलकी काढायची नाही. का, तर आबा डुलकी काढायचे आणि मध्येच जाग आली की तिथूनच ओरडायचे, "रे झिला, वांदर इले मरे! खंय बघतंस?" वानरं आलेली नसायची. आबांना स्वप्न पडलेलं असायचं.

हत्यारं म्हणजे एक गोफण, एक तेलाचा रिकामा डबा आणि आवाज. तिन्हींपैकी आवाज मुख्य. आणि इथेच माझं दुर्दैव आडवं आलं. आठवीच्या त्या उन्हाळ्यात माझा आवाज फुटत होता. माझी आरोळी सुरू व्हायची दशावतारातल्या राक्षसासारखी आणि संपायची त्याच दशावतारातल्या द्रौपदीसारखी. पहिले काही दिवस वानरं खरोखरच पळाली, पण नंतर त्यांच्या लक्षात आलं की हे दोन प्राणी नसून एकच आहे. एकदा मी जिवाच्या आकांताने ओरडलो आणि वडाच्या शेंड्यावरून हुप्प्याने उत्तर दिलं, "हूऽऽप". एकच शब्द, पण काय खर्ज होता. माझ्यावर पुरुष म्हणून पहिला जो काही परिणाम झाला तो त्याचा.

मदतीला एक बुजगावणं होतं. आबांनी त्याला आपला गुलाबी शर्ट घातला होता, आणि त्याच कापडाचा दुसरा शर्ट मला दिला होता, "बागेत वापर" म्हणून. लांबून दोघं सारखेच दिसलो तर माकडांना दोन राखणदार वाटतील, अशी त्यांची योजना. माकडांना दोन बुजगावणी वाटली. मी एकदा कलमाला टेकून जरा डोळे मिटले होते तर एक पोरगेलं वानर माझ्यापासून हातभर अंतरावर बसून निवांत कैरी खात होतं. मी डोळे उघडले तेव्हा दचकलं ते वानर. त्याला बिचाऱ्याला बुजगावणं डोळे उघडतं हे नवीन होतं.

"आमच्याकडे बुजगावणं नव्हतं," दिगू म्हणाला. तो आता खुर्चीशेजारी पाण्याच्या पिंपावर बसला होता, शर्टाची इस्त्री विसरून. "आमच्याकडे केलडी."

केलडी म्हणजे लाल तोंडाची, आखूड अंगाची माकडं. काळतोंड्या वानरांची जात वेगळी, यांची वेगळी. यात कोण अधिक वाईट यावर आमची पुढची पंधरा मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात हापूसच्या वादाला मागे टाकेल असं एक नवं भांडण आम्हांला सापडलं. माझं म्हणणं वानर वाईट, कारण ते खोत आहे. एका फळाला एक दात लावणार, फेकणार, दुसऱ्याला लावणार, फेकणार. एका सकाळी पेटीभर आंबा त्याने नुसता चाखून बघितलेला असतो. दिगूचं म्हणणं, वानराला गालात पिशवी नसते, ते खाईल तेवढंच. केलडं वाण्याकडे आल्यासारखं येतं. दोन्ही गालफडांतल्या पिशव्या भरून घेतं, लांब जाऊन बसतं आणि तिथून तुमच्याकडे बघत बघत तुमचाच माल सावकाश चघळतं.

"माझी भाकरी फडक्यात बांधून फांदीला टांगलेली असायची," दिगू म्हणाला. "गाठ मारून. केलड्याने गाठ सोडली. फाडलं नाही, सोडली. भाकरी घेतली. खारातली मिरची होती ती ठेवली. आणि फडकं फांदीवर परत टाकलं."

"घडी घालून?"

"चेष्टा करू नकोस. मी दिवसभर उपाशी होतो."

मी विचारलं, सहावा रुपया कसला. मला वाटलं गोफणीचा असेल. गोफणीत मी कच्चा होतो. एकदा दगड मागेच सुटला आणि मांगराची दोन कौलं गेली, त्याचे आबांनी तीन रुपये कापून घेतले होते. पण दिगू म्हणाला, "तो घशाचा."

"म्हणजे?"

"ओरडून घसा बसायचा. मालकीणबाई म्हणाल्या, पोराला खडीसाखरेला वर एक रुपया द्या."

मी गप्प झालो. माझा घसा तीन वर्षं बसलेला होता. आमच्याकडे त्याला वयात येणं म्हणायचे.

गुपित का ठेवलं हे एकमेकांना सांगावं लागलं नाही. शाळा सुरू झाली की पोरं विचारायची, सुट्टीत काय केलंस. कोणी मुंबईला गेलेला असायचा, कोणी पोहायला शिकलेला. एकदा मी खरं सांगितलं. त्यानंतर दहावीपर्यंत वर्गात मागून कोणीतरी "हूऽऽप" केल्याशिवाय माझी हजेरी लागली नाही. दिगूचं नोकरीतलं. बँकेच्या मुलाखतीत त्याला विचारलं होतं, आधी कामाचा काही अनुभव? तो म्हणाला, नाही. "आणि साल्या," तो म्हणाला, "आयुष्यभर तोच अनुभव वापरतोय."

ते कसं, तर वसुली. दिगू थकलेल्या कर्जाच्या वसुलीला जातो तेव्हा म्हणे तो कधी पुढच्या दाराशी बोलत बसत नाही. पुढच्या दाराशी म्हातारे वडील खुर्ची देतात, पाणी देतात, कोकम सरबत करायला सांगतात, पाऊस नव्हता, आंब्याला मोहर नव्हता, सगळं सांगतात. दिगू बरोबरच्या माणसाला तिथे बसवतो आणि आपण हात धुवायच्या निमित्ताने मागे जातो. मागच्या पडवीतून बँकेकडे तारण असलेली मोटरसायकल कोणीतरी इंजिन बंद ठेवून ढकलत नेत असतं. "पुढे बसलेला हुप्प्या," दिगू म्हणाला. "त्याच्याकडे बघायचंच नसतं."

मी हे ऐकून सुन्न. कारण मी तीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन वर्गाच्या मागे उभा राहून करतो. जो पोरगा मान वर करून माझ्याकडे टकमक बघतो, शंका विचारतो, पुरवणी मागतो, त्याच्याकडे मी ढुंकून बघत नाही. तो बसवलेला असतो. मी बघतो तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे, जिथे एक पान हललेलं असतं. कॉलेजात माझ्याबद्दल काहीबाही बोलतात, सरांना सिद्धी आहे वगैरे. सिद्धी कसली, पाच रुपये रोज.

"आता बघ," दिगू म्हणाला, "सरकारने दर काढलाय. माकड पकडणाऱ्याला माकडामागे ६०० रुपये. दहा माकडांपर्यंत सहाशे, त्यापुढे तीनशे."

"पकडणाऱ्याला."

"हो, पकडणाऱ्याला. हाकणाऱ्याला काही नाही."

"हाकणाऱ्याला कधीच काही नव्हतं," मी म्हणालो. "काहींना होतं. खडीसाखर होती."

दिगूला ते लागलं. तो म्हणाला, ठीक आहे, तुझा हिशेब करून टाकू. हंगामाचे साठ दिवस, तीन हंगाम, रोजचा एक रुपया, म्हणजे १८०. शेवटचा हंगाम १९९० चा, तिथून आज छत्तीस वर्षं. आठ टक्के धरू, बँक म्हणून मी त्याहून जास्त देणार नाही. आठ टक्क्यांना बहात्तरच्या नियमाने नऊ वर्षांत दामदुप्पट. छत्तीस वर्षांत चार वेळा दुप्पट. सोळा पट. २८८०.

मी म्हणालो, बहात्तरचा नियम अंदाजाचा. नीट चक्रवाढ काढलीस तर २८७४ येतात.

"म्हणजे मी सहा रुपये जास्त देत होतो."

"सहा," मी म्हणालो. "एक रोज. तुझा."

यावर दिगू काहीतरी बोलणार होता. नक्कीच बोलणार होता, त्याने बोट वर केलं होतं. तेवढ्यात आमच्या पाठीमागे ताट वाजलं.

आता परिस्थिती समजून घ्या. त्या गच्चीवर एक खुर्ची, एक पिंप आणि दोन अनुभवी राखणदार होते. दोघं मिळून सहा हंगामांचे. आणि दोघंही, हाडीमासी खिळलेल्या सवयीने, हुप्प्याकडे पाठ करून, फणसाकडे तोंड करून बसलेले. तासभर आमच्यापैकी एकानेही पुढे बघितलं नव्हतं, कारण पुढे हुप्प्या होता, आणि हुप्प्या स्वतः कधी येत नाही. राजापुरात येत नाही, देवगडात येत नाही. तो फक्त बसतो. हा आला. शहरातल्या हुप्प्याला, दिसतंय, स्वतःची कामं स्वतः करावी लागतात.

तो कठड्यावरून उतरून, चार पावलं चालून, मधलं ताट घेऊन परत कठड्यावर जाऊन बसला होता. घाई काही नाही. त्याने ताट मांडीवर घेतलं, काठ नखाने उचकटला आणि साठं सोलायला सुरुवात केली. तूप नीट लावलेलं असावं, कारण साठं अखंड निघालं. आमच्याकडे ते तसं कधीच निघत नाही, कडेला फाटतं. ते त्याने उन्हाला धरलं. पिवळंधम्मक, आरपार दिसणारं, बिनचुणीचं. मग दुमडलं आणि खाल्लं.

आम्ही दोघं एकदमच ओरडलो. त्याची "हुर्रे" राजापुरी, माझी देवगडी. लय जमली नाही. हुप्प्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि ताट खाली सोडलं. खाली म्हणजे शेजारच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर.

त्या आवाजाला मात्र सगळी बिल्डिंग वर आली. वहिनी पहिल्या. त्यांनी दिगूचा लाल झालेला चेहरा, बाहेर आलेला शर्ट आणि पिंपावर उमटलेली बसण्याची खूण पाहिली आणि त्या म्हणाल्या, "मघाशी पण तुम्हीच ओरडलात? मला वाटलं गॅसवाला." मग माझी बायको आली. ती ताटं मोजत होती. आमची हकीकत मी सांगायला घेतली, म्हणजे हुप्प्या, माद्या, पाठीमागचा गडगा, बसवलेला पोरगा, सगळं. दिगूही मध्ये मध्ये भर घालत होता. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही दोघंही मागे बघत होतात."

"तेच तर सांगतोय. ज्याला कळतं तो—"

"परवापर्यंत तुम्ही एकटे पेपर वाचत बसायचात," ती म्हणाली. "तेव्हा एक ताट गेलं नाही. आणि गेलं ते आईने दिलेलं. नाव घातलेलं."

ती खाली गेली. वहिनी जाताना जिन्यात थांबून दिगूला म्हणाल्या, "आणि टायपिंग?" दिगू म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. काही प्रसंगी मित्राकडेही पाठ करावी.

ताट पत्र्यावरून काढायला लग्गी लागली, शेजारच्यांची परवानगी लागली आणि कमिटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो लागला. उरलेली साठं वाचवायची तर काहीतरी करणं भाग होतं. दिगूच म्हणाला, हरीला विचारू. धंद्यातला आजचा माणूस तो. संध्याकाळी आम्ही गच्चीवरूनच त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे धडामधूम आवाज येत होते. हल्ली बागेत पाइपची बंदूक असते, आत कार्बाइड आणि पाणी घालून बार काढायचा. आमच्या वेळी ही चैन नव्हती, आमच्या वेळी बार आम्हीच काढायचो.

हरी देवगडात इतके हंगाम राहिला आहे की तो आता नेपाळी ढंगाने अस्सल मालवणी बोलतो. मी गाव सोडल्यापासून माझी बिघडली, त्याची सुधारली. आम्ही त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"सायबानू," तो म्हणाला, "तुमी दोघय पाठी बघी होतास?"

"हो."

"मगे फुडे कोन बघी होतो?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिकडे आणखी एक बार निघाला. मग हरी हसायला लागला आणि त्याच्याबरोबर आणखी तिघं-चौघं हसल्याचा आवाज आला. त्याचाही फोन स्पीकरवर होता.

हसून झाल्यावर तो म्हणाला, हंगाम संपत आलाय, दोन पोरं गावी गेली, इकडे माणूस कमी आहे. "तुमका सवय आसा तर हंय येवा. जेवान-खान हा."

ही चेष्टा आहे हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मला कळलं होतं. पण दिगूने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि जरा बाजूला जाऊन, अगदी बँकेच्या आवाजात विचारलं, "रोज किती देतात?"

हरीने आकडा सांगितला. दिगूने "अस्सं" म्हटलं. मग त्याने फोनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ करून फणसाकडे तोंड केलं.

आकडा त्याने मला अजून सांगितलेला नाही.